पावलं मोजायची कशी आणि त्यातली व्यायामाची कोणती?

रात्री झोपण्याआधी फोनवर ९,४०० असा आकडा दिसला की माणूस समाधानाने कूस बदलतो. आजचा व्यायाम झाला! पण त्या ९,४०० मध्ये काय काय असतं ते पाहा. ओट्यावरून अंगणात, अंगणातून मोरीपाशी, दुकानात गिऱ्हाइकाला माल काढून दाखवताना, वावरात ठिबकच्या नळ्या बघत फिरताना, आणि कधी कधी मोटारसायकलवर खड्ड्यांतून बसलेले हादरेसुद्धा. हादरे सोडले तर यातलं काही वाया जात नाही. बसून राहण्यापेक्षा उठून फिरणं केव्हाही चांगलं. पण व्यायाम म्हणून धरायची पावलं यातून वेगळी काढावी लागतात, आणि ते बहुतेक जण करत नाहीत.

दुसरा घोळ क्रमाचा. लोक आधी १०,००० चं लक्ष्य ठरवतात, मग यंत्र घेतात आणि ते बरोबर मोजतं का हे कधीच तपासत नाहीत. क्रम उलटा हवा. आधी यंत्र, मग त्याची परीक्षा, मग आपली सध्याची सवय, मग वेग. लक्ष्य सगळ्यांत शेवटी.

## सुरुवातीआधी

बूट असे हवेत की उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील. स्लीपरवर रोजचं भरभर चालणं करू नका. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि पोटरी दुखायला लागते. वावराच्या बांधावरून चालणार असाल तर गोखरूचे काटे रबरी तळव्यात आरपार जातात, तेव्हा तळ जाड बघून घ्या.

एक वही आणि पेन लागेल. ॲपमध्ये सगळं साठतं हे खरं, पण पुढे दोन रकाने करायचे आहेत आणि ते वहीत सोपे जातात.

सावधान : चालताना छातीत दाब किंवा दुखणं, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर यांपैकी काही होत असेल तर आधी डॉक्टर, मग पावलं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी लांब चालायला निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवा. पायाला बधिरपणा असेल तर घरी आल्यावर तळवे रोज बघा. अशा पायाला फोड आलेला कळत नाही.

## टप्पा १ : यंत्र एकच ठरवा

फोन, मनगटावरचा पट्टा किंवा कमरेला अडकवायचा साधा पावलमापक, कुठलंही चालेल. मात्र एकच. फोन ६,१०० दाखवतो, पट्टा ७,३०० दाखवतो, तर मोठा आकडा आपला, असं करणारे पुष्कळ आहेत. दोन्ही यंत्रं एकाच ॲपला जोडली तर काही ॲप तीच पावलं दोनदा धरतात, तेव्हा दुसऱ्या यंत्राची ॲपशी असलेली जोडणी काढून टाका.

फोन निवडला असेल तर दोन सेटिंग बघायची. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये पावलं मोजणाऱ्या ॲपला 'शारीरिक हालचाल' ही परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नाकारलेली असेल तर ॲप उघडतं, सुंदर वर्तुळ दाखवतं आणि शून्यावर बसून राहतं. दुसरं म्हणजे बॅटरी वाचवण्याची सोय. बऱ्याच फोनमध्ये ती मागे चालणारी ॲप बंद पाडते. त्या ॲपपुरतं हे बंधन काढा.

घरातल्या बायकांच्या बाबतीत फोन बहुधा चुकीचं यंत्र ठरतं. तो फडताळात किंवा चार्जिंगला असतो आणि वहिनी दिवसभर घरभर. मग संध्याकाळी १,२०० आकडा बघून 'मी काहीच चालत नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ खोटा असतो. त्यांच्यासाठी साधा पट्टा बरा.

## टप्पा २ : जागा एकच ठरवा

हे यंत्र पावलं 'बघत' नाही. शरीराला बसणारे लयबद्ध हेलकावे ओळखतं आणि त्यावरून पाऊल धरतं. म्हणून ते कुठे ठेवलंय यावर आकडा बदलतो.

फोन पँटच्या पुढच्या खिशात ठेवा. साडी नेसत असाल तर कमरेला घट्ट बसणारा बटवा. खांद्यावर लोंबणाऱ्या पिशवीत तो आपल्याच तालावर झुलतो. हातात धरून बोलत चाललात तर हात स्थिर राहतो आणि पावलं गळू शकतात.

पट्टा कमी वापराच्या हातात, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या मनगटात घाला. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, फिरणार नाही पण रुतणारही नाही असा. ॲपमध्ये हात निवडायची सोय असते, तिथेही डावा निवडा.

आता पट्टा कुठे फसतो ते. दहा माणसांच्या भाकरी थापताना, पोळ्या लाटताना, भरितासाठी भाजलेली वांगी ठेचताना, भजनात टाळ वाजवताना तो पावलं वाढवू शकतो. उलट डोक्यावर हंडा धरून चालताना, लोटगाडी ढकलताना, लेकरू कडेवर घेऊन फिरताना हात हलत नाही, मग खरी पावलंही गळतात. यावर उपाय म्हणून पट्टा सारखा काढत-घालत बसू नका. कामं रोज साधारण तीच असतील तर चूकही रोज साधारण तेवढीच राहते, आणि आपल्याला तुलना आपल्याशीच करायची आहे.

## टप्पा ३ : शंभर पावलांची परीक्षा

हा टप्पा वगळू नका. दहा मिनिटांचं काम आहे.

१. सपाट, मोकळी जागा घ्या. यंत्र ठरलेल्या जागी ठेवा.

२. मिनिटभर उभे राहा, ॲप उघडा, आकडा वहीत लिहा.

३. तोंडाने मोजत बरोबर १०० पावलं चाला. डावा-उजवा मिळून दोन पावलं. 'दोन्ही पाय मिळून एक' असं मोजणारे भेटतात, त्यांचा सगळा हिशेब निम्म्यावर येतो.

४. थांबा. लगेच आकडा बघू नका, काही ॲप उशिरा ताजी होतात. मिनिटाने बघा.

५. नेहमीच्या चालीने तीनदा, मग एकदा रमतगमत आणि एकदा भरभर.

तपासणी : नेहमीच्या आणि भरभर चालीत ९५ ते १०५ मध्ये आकडा आला तर यंत्र कामाचं. ८० किंवा १२० येत असेल तर आधी जागा बदला, मग यंत्र. रमतगमतच्या फेरीत आकडा कमी आला तर घाबरू नका. हेलकावा मंद झाला की बहुतेक यंत्रं पावलं सोडतात. काही यंत्रं तर सलग दहाएक पावलांची लय जमल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत, त्यामुळे चुलीपासून ताटापर्यंतची चार पावलं हिशेबात येत नाहीत.

मोटारसायकलची परीक्षा वेगळी घ्या. निघण्याआधीचा आणि पोहोचल्यावरचा आकडा लिहा. गावापासून तालुक्यापर्यंतच्या रस्त्यात आकडा शे-दोनशेने वाढला असेल तर तो दर वेळी वजा करावा लागेल. ट्रॅक्टरवर बसणाऱ्यांनी हे नक्की करा.

(पाळण्याच्या झोळीत फोन ठेवून ऑफिसच्या स्पर्धेत पहिला नंबर काढणारेही असतात. झोप बाळाची होते, व्यायाम फोनचा.)

## टप्पा ४ : आठवडाभर काही बदलू नका

यंत्र हातात आलं की दुसऱ्या दिवशीच लोक पहाटे उठून धावपळ सुरू करतात. थांबा. सात दिवस जसे राहता तसे राहा आणि रोजचा आकडा फक्त लिहा. हा तुमचा पाया. तो ठाऊक नसेल तर पुढे वाढ झाली की नाही हे कशावरून ठरवणार?

आठवडा साधा निवडा. लग्नसराईतला नको, नवरात्रातला नको, कापूस वेचणीचा नको. चैत्रात सप्तशृंगीच्या पदयात्रेला पायी निघणार असाल तर तो आठवडा तर नकोच. त्याचा पाया धरलात तर पुढचे सगळे महिने तुम्ही नापास. आठवडे बाजाराचा दिवस मात्र त्यात हवा, कारण तो दर आठवड्याला येतोच.

सातही आकडे मिळवा आणि सातने भागा. बेरीज ३१,५०० आली तर पाया ४,५००. सगळ्यांत चांगला दिवस म्हणजे पाया नव्हे, ही चूक फार जण करतात.

रात्रीच्या कामाची माणसं इथे अडतात. ॲपचा दिवस रात्री बाराला संपतो. भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणारा किंवा रात्रीच्या लाईटवर मोटार चालू करायला दीड वाजता केळीच्या बागेत जाणारा माणूस, यांची एकाच रात्रीची पावलं दोन तारखांना विभागली जातात. त्यांनी रोजच्या आकड्याकडे न बघता आठवड्याची बेरीजच धरावी.

## टप्पा ५ : 'चाल' म्हणजे किती वेग?

लेखाचं मर्म इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल हवी. हा हिशेब मिनिटांचा आहे, पावलांचा नाही. म्हणून पावलांवरून मिनिटांकडे यायला एक दुवा लागतो, आणि तो म्हणजे मिनिटाला पावलं किती. बहुतेक प्रौढांच्या बाबतीत मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम जोर.

मोजायचं असं : पाच मिनिटं चालून अंग सैल झालं की घड्याळ बघत १५ सेकंदांतली पावलं मोजा. २५ किंवा जास्त आली की वेग जमला. २० आली तर तुम्ही फिरताय. फिरा, पण ती पावलं व्यायामाच्या रकान्यात नकोत.

सोबतीला बोलण्याची कसोटी लावा. शेजारच्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. आरामात अभंग म्हणता येत असेल तर वेग वाढवा. चार शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर कमी करा. साठीच्या पुढचे, वजन जास्त असलेले किंवा बऱ्याच दिवसांनी चालायला लागलेले यांनी १०० च्या आकड्यापेक्षा या कसोटीवरच भिस्त ठेवावी. त्यांना मिनिटाला ८५-९० पावलांतही पुरेसा दम लागू शकतो, आणि तो त्यांचा मध्यम जोरच.

आता अंतराशी ताळा. साधारण १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं पाऊल ६६ सेंटीमीटरच्या आसपास पडतं. म्हणजे ३,००० पावलं सुमारे दोन किलोमीटर. क्रीडा संकुलातल्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या पट्ट्यातून पाच फेऱ्या अर्ध्या तासात झाल्या की पावलं, वेळ आणि अंतर तिन्ही जुळतात. तिन्ही जुळत नसतील तर यंत्रातली उंची चुकीची भरलेली असते किंवा मध्ये कुठे तरी गप्पांचा मुक्काम झालेला असतो.

नेहमीच्या चुका : वेग वाढवायचा म्हणून ढांगा लांब टाकणं. त्याने टाच जोरात आदळते आणि गुडघा कुरकुरतो. पावलं नेहमीएवढीच ठेवा, फक्त ती लवकर-लवकर पडू द्या. हात कोपरात दुमडून हलवा, पाय आपोआप त्यांच्या मागे येतात. दुसरी चूक चौघांनी आडवं चालण्याची. जळगावला मेहरूण तलावावर बघा किंवा धुळ्यात पांझरेकाठी, टोळक्याचा वेग नेहमी सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा असतो. 'कितला व्हयनात, आप्पा?' हे थांबून विचारायची गरज नाही, चालता चालता विचारता येतं.

## टप्पा ६ : वहीत दोन रकाने

पहिल्या रकान्यात दिवसाची एकूण पावलं. दुसऱ्यात फक्त भरभर चाललेली मिनिटं.

दुसरा रकाना भरायला, चालायला लागताना आणि थांबताना वेळ आणि आकडा दोन्ही टिपा. २० मिनिटांत २,००० च्या वर पावलं झाली तर २० मिनिटं लिहा. १,४०० झाली असतील तर शून्य लिहा. कठोर वाटेल, पण हा रकाना प्रामाणिक राहिला तरच उपयोग. सलग अर्धा तास मिळत नसेल तर सकाळी १०, दुपारी १०, जेवणानंतर १० असे तुकडे चालतात. निदान दहा मिनिटं सलग हवीत, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात राहिलेली नाही. जेवणानंतरचा तुकडा तर मधुमेह्यांना विशेष उपयोगी, जेवणानंतर चढणारी साखर त्याने आटोक्यात राहायला मदत होते.

दोन माणसं कल्पून बघा. चोपड्याकडचा एक बागायतदार दिवसाला १२,००० पावलं करतो, पण बांधावर थांबत, व्हॉल्व्ह बघत, गड्यांशी बोलत. जळगावच्या सराफ बाजारातला एक मुनीम जेमतेम ६,००० करतो, त्यातली ३,००० सकाळी अर्ध्या तासात. पहिला रकाना बागायतदाराचा भारी, दुसरा मुनिमाचा. दोघांनी एकमेकांच्या रकान्यातलं थोडं उचलायला हवं. बागायतदाराने घरून वावरापर्यंतचं अंतर गाडी न काढता दमदार चालीने काटावं, मुनिमाने दर तासाला गादीवरून उठावं.

आणि ज्याला हे यंत्र अजिबात न्याय देत नाही असा तिसरा माणूस म्हणजे केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर. त्याची पावलं थोडी, पण कष्ट भरभर चालण्याहून जड. त्याला कुणी 'पावलं कमी पडतात' म्हणू नये. कामातली हालचालही हालचालच असते, फक्त पावलमापकाला ओझं दिसत नाही.

तपासणी : आठवडा संपल्यावर दुसऱ्या रकान्याची बेरीज १५० च्या किती जवळ आली? प्रगती इथे मोजायची.

## टप्पा ७ : आता लक्ष्य

१०,००० हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलमापकाच्या नावातून आला. २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये १५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात अकाली मृत्यूचा धोका पावलांबरोबर घटत जातो, पण साठीच्या पुढच्यांत ६,००० ते ८,००० आणि त्याहून तरुणांत ८,००० ते १०,००० पावलांच्या आसपास ही घट सपाट होत जाते असं दिसलं. म्हणजे पाया ४,५०० असलेल्या सत्तरीच्या आजोबांनी १०,००० साठी जिवाचं रान करायचं कारण नाही. ६,५०० वर त्यांनी बरीच मजल मारलेली असते.

वाढवायची रीत अशी. पहिले दोन आठवडे पायावर फक्त दहा मिनिटांचा एक भरभर तुकडा चढवा. म्हणजे आपोआप हजारेक पावलं वाढली. अंगवळणी पडला की पुढचे दोन आठवडे दुसरा तुकडा, मग तिसरा. दीड महिन्यात अर्धा तास जमतो. आठवड्यातून पाच दिवस पुरे. रविवारी आठवडाभराची भरपाई म्हणून एकदम १५,००० करणारे सोमवारी पिंडऱ्या चोळत बसतात आणि बुधवारपर्यंत यंत्र खुंटीला.

ॲपमधल्या कॅलरीच्या आकड्यावर जेवण ठरवू नका. अर्धा तास भरभर चालून ६५ किलोच्या माणसाच्या साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. परतताना घेतलेली एक कचोरी तेवढ्यात फिटत नाही. शेवभाजीचं तर नावच काढू नका.

पावलं स्नायू बळकट करत नाहीत, निदान दंड-पाठीचे तरी नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस बैठका, सूर्यनमस्कार, वजन उचलणं असं काही वेगळं लागतं. तो विषय मोठा आहे, इथे एवढंच.

## टप्पा ८ : खान्देशातल्या ऋतूंचा हिशेब

पुण्या-मुंबईची वेळापत्रकं इथे चालत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. या दिवसांत चालणं सकाळी साडेसातच्या आत आटपलं पाहिजे. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तासभर वाफ सोडत असतं, तेव्हा जेवणानंतरची वेळ बरी. निघण्याआधी पाणी प्या, डोक्याला रुमाल बांधा, लांब जाणार असाल तर बाटली न्या. या दोन महिन्यांत पाया घसरला तरी चालेल, दुसरा रकाना सांभाळा.

सावधान : उन्हात पोटरीत गोळे, मळमळ, डोकं गरगरणं झालं की लगेच सावली, पाणी किंवा ओआरएस, आणि त्या दिवशी चालणं बंद. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापलेलं आणि शुद्ध हरपतेय असं वाटलं तर १०८ ला फोन करा. तोवर अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पायाचं वजन वाढवते आणि घसरवते. शेतरस्ता सोडा. गच्चीवर किंवा ओसरीत फेऱ्या मारा, नाहीतर जागच्या जागी गुडघे वर उचलत चाला. पट्ट्याने मोजायचं असेल तर हात हलवा. फोन खिशातून मोजतो का ते शंभर पावलांच्या परीक्षेने बघून घ्या.

हिवाळ्यात पहाटे अंधार आणि धुकं दोन्ही असतात. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. अंगावर फिकट रंगाचे कपडे घाला. कानात गाणी नकोत. हृदयाचा त्रास असलेल्यांनी कडाक्याच्या थंडीत पहाटेऐवजी उन्हं आल्यावर निघावं.

## खंड पडला तर

लग्न, आजारपण, कापणी, परीक्षा यांपैकी काही ना काही येणारच. दोन-चार दिवस सुटले तर मागची बाकी न काढता जिथे होतात तिथून पुढे चला. पंधरवड्याहून जास्त खंड पडला असेल तर एक तुकडा कमी करून सुरू करा. ३० मिनिटं करत होतात तर २० वर या आणि आठवड्याने परत वाढवा. तापातून उठला असाल तर भरभर चाल दोन-तीन दिवस थांबवून आधी घरातल्या घरात फिरा. पायऱ्या चढताना नेहमीसारखा श्वास आला की मग बूट घाला.